पोटगी मागणारी आणि बाबासाहेब

बीड जिल्ह्यातली ऊसतोड करणारी परित्यक्ता लेकरू कडेवर घेऊन कोर्टात पोटगी मागते, त्यामागे बाबासाहेबांचे कष्ट आहेत. कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल लावून धरले. स्त्रीला घटस्फोट, पोटगी, वारसा! सनातनी खवळले, काँग्रेसवालेही कचरले. बिल गुंडाळले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणे आणखीही होती, पण हे मोठे. १९५५ च्या विवाह कायद्यात कलम २५ ने घटस्फोटानंतरची पोटगी, कलम २६ ने मुलांचा खर्च आला. बौद्धांनाही तो लागू आहे. तरी बाबासाहेबांची तसबीर लावणारे आपलेच काही बांधव पोटगी थकवतात! निर्वाहाचा वेगळा कायदा २१ डिसेंबर १९५६ चा; बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण त्याआधी पंधरा दिवस झाले होते.