भावदर्शी चित्रकार राजा रविवर्मा

आपल्या घरातील देव्हाऱ्यावर किंवा ओसरीच्या भिंतीवर लक्ष्मीचे वा वीणाधारिणी सरस्वतीचे एखादे जुने रंगीत चित्र पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. चित्रकाराचे नाव ठाऊक असो वा नसो, देवतेचे ते शांत व मानुषी मुख मनात ठसलेले असते. अशी मुखे ज्यांच्या कुंचल्यातून उतरली, त्या राजा रविवर्मा यांचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे योजिले आहे. आपल्या बडोद्याशी त्यांचा निकटचा संबंध असल्याने ते आपणांस विशेष आपलेसे वाटेल.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. वडील संस्कृतज्ञ होते, आणि घरात पुराणकथांचे श्रवण नित्य चाले. मामा राजराजवर्मा हे तंजावर पद्धतीची चित्रे काढीत. त्यांनीच भाच्याच्या हातातील गुण प्रथम ओळखला. चौदाव्या वर्षी ते त्यास तिरुवनंतपुरम् येथे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी घेऊन गेले.

तेथे तैलरंगांची विद्या मात्र सहज लाभली नाही. दरबारचे चित्रकार रामस्वामी नायडू यांनी ती शिकविण्याचे नाकारले. पुढे १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार दरबारी आला. त्यानेही हाती धरून शिकविले नाही. केवळ काम चालू असता पाहू दिले. रविवर्मा यांनी त्या पाहण्यालाच गुरूपदेश मानले आणि पुढील विद्या स्वतःच्या परिश्रमाने साध्य केली. तैलरंग सावकाश सुकतात, म्हणून एक छटा दुसरीत हळूहळू मिसळता येते. गालावरील लाली, डोळ्यांत दाटलेले पाणी, कपाळावरील चिंतेची छाया ही सर्व त्यामुळेच रंगविता येतात. मनातील भाव शरीरावर कसा उमटतो, हे दाखविण्याचे साधन त्यांच्या हाती आले.

१८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या केशशृंगार करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्रास सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथेही ते गौरविले गेले. त्यांचे ‘शकुंतला-पत्रलेखन’ हे चित्र मद्रासच्या गव्हर्नरांनी स्वतः विकत घेतले. तंजावरकडील मराठी घराण्यातील सर टी. माधवराव हे त्रावणकोरचे दिवाण होते व पुढे बडोद्याचे झाले. त्यांच्यामुळे रविवर्मा यांचे नाव बडोद्यात पोहोचले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्याधिकारग्रहणाच्या सुमारास, १८८१ मध्ये, ते प्रथम येथे आले. पुढे महाराजांनी त्यांस रामायण-महाभारतातील प्रसंगांची चौदा चित्रे काढण्यास सांगितले. पौराणिक वेषभूषेच्या शोधार्थ रविवर्मा यांनी आपले बंधू सी. राजराजवर्मा यांच्यासह उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला आणि १८९० मध्ये ते काम पुरे केले.

या चित्रांचे मर्म प्रसंगाच्या निवडीत आहे. मनुष्याचे मन ज्या क्षणी पालटते, तोच क्षण ते धरीत. सात पुत्र गंगार्पण होताना मूक राहिलेल्या शंतनूचे पितृहृदय आठव्या पुत्राच्या वेळी वचनावर मात करते. हीच कथा त्यांनी रंगविली. मेनका तान्ह्या शकुंतलेस पुढे करते, आणि विश्वामित्र मुख फिरवून हात आडवा धरतात. त्या एका हातात तपोभंगाची लाज आणि अपत्याचा अव्हेर दोन्ही दिसतात. पायातील काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी शकुंतला एकही शब्द न बोलता आपले मन उघडे करते. येथे देव, ऋषी व राजे आपल्यासारखेच सुखदुःखे भोगताना दिसतात, आणि त्यामुळे कथा दूरची राहत नाही.

चित्रांच्या छापील प्रती काढून त्यांचा प्रसार करावा, असा सल्ला माधवरावांनी पूर्वीच दिला होता. १८९४ मध्ये रविवर्मा यांनी जर्मन यंत्रे आणून मुंबईस छापखाना काढला. शकुंतलाजन्माचे तेच चित्र तेथे प्रथम छापले गेले. राजवाड्यातील चित्र आता थोडक्या पैशांत गरिबाच्या झोपडीत जाऊ लागले. धंदा म्हणून मात्र हा उद्योग तोट्याचा ठरला. प्लेगच्या काळात छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे न्यावा लागला, कर्ज वाढले, आणि अखेर तो तेथीलच जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांस विकावा लागला. १९०५ च्या आरंभी उजवा हात असलेले बंधू निवर्तले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा यांनी किळिमानूर येथेच देह ठेवला.

त्यांची चित्रे नाटकी आहेत, पद्धत परकी आहे, असा आक्षेप आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या थोर पंडितांनी घेतला. त्यात काही तथ्य आहे; काही चित्रांतील हावभाव रंगभूमीची आठवण देतात. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या काळी असंख्य हिंदूंना मंदिराच्या उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवण्याची मनाई होती, त्या काळी या चित्रांतून देव त्यांच्या घरी गेला. त्यांची सावलीही ज्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचू दिली जात नसे, तेथील देवतेचे प्रसन्न मुख ते आपल्या भिंतीवर रोज पाहू लागले.

पुढे १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरच्या महाराजांनी आपल्या राज्यातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली. ते महाराज चित्तिर तिरुनाळ हे रविवर्मा यांच्या नातीचे चिरंजीव होत. पणजोबांनी जो देव घरोघर पोहोचविला, त्याच्या मंदिराचे दार पणतूने उघडले. आपल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत. मुलाबाळांसह तेथे जावे, शंतनूच्या चित्रापुढे थोडा वेळ उभे राहावे, आणि परतताना देवळाच्या पायरीवर आजही कोणास संकोच वाटत नाही ना, याचा विचार आपण सर्वांनी करावा.