तळपदेंचं विमान १:१४४ मध्ये का बनत नाही?

तुमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज एकदा तरी आला असेल: राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे या मराठी माणसाने गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं. सोबत मजल्यामजल्याच्या शंकूसारख्या विमानाचं चित्र. खरं की खोटं, एवढंच लोक विचारतात. मी कुरकुंभला घरी बसून १:१४४ स्केलची विमानं बनवतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. त्या विमानाची मापं काय होती?

१:१४४ म्हणजे खऱ्या विमानाचे बारा फूट आपल्याकडे एक इंच. राइट बंधूंचं फ्लायर पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत १२.३ मीटर होतं, ते या स्केलमध्ये साडेआठ सेंटीमीटर होतं. तुमच्या मोबाइलच्या रुंदीपेक्षा थोडंच जास्त. पंखांमधली तीन मिलिमीटरची तार इथे ०.०२ मिलिमीटर होते, म्हणजे केसापेक्षाही बारीक. ती किटमध्ये मिळत नाही. किटच्या फ्रेमचा उरलेला प्लास्टिकचा दांडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ झाला की दोन्ही हातांनी ओढायचा, मग कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा निघतो. तो चिमट्याने चिकटवायचा. रंग ओला असताना सोलापूर हायवेची धूळ बसली की सगळं मुसळ केरात, म्हणून मी मॉडेलवर स्टीलचा डबा उपडा ठेवतो. हे सगळं जमतं, कारण फ्लायर वॉशिंग्टनच्या संग्रहालयात उभं आहे. त्याची तार न् तार मोजलेली आहे.

आता तळपदेंकडे येऊ. जन्म १८६४, मुंबईतलं चिराबाजार, पाठारे प्रभू समाज. शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि पुढे तिथेच कला आणि हस्तकलेचे शिक्षक. मेसेजमध्ये ते नेहमी संस्कृत पंडित म्हणून येतात. ते खरंच होते, पण मला त्यांची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. हा माणूस हाताने वस्तू घडवायला शिकला होता आणि शिकवत होता. चित्र काढणं, प्रमाण धरणं, सांधा बसवणं हे त्यांचं रोजचं काम. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉडेलर!

विमानाचं वेड कुठून लागलं? जे.जे.मधल्या चिरंजीलाल वर्मा या शिक्षकांनी त्यांना स्वामी दयानंद सरस्वतींच्या ग्रंथांची ओळख करून दिली. दयानंदांनी १८७५ मध्ये मुंबईतच आर्य समाज सुरू केला होता, आणि त्यांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिकेत नौका आणि विमानांवर वेगळं प्रकरण आहे. तरुण तळपदेंनी ते मनावर घेतलं. बाकीचे वाचून थांबले असते, यांनी बनवायला घेतलं. यंत्राला नाव दिलं मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र. त्या वेळी मुंबईत सिनेमासुद्धा आला नव्हता, तो पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात दिसला.

पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चौपाटीवर यंत्र पंधराशे फूट वर गेलं आणि खाली पडलं. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते. केसरीत बातमी आली. पण केसरीच्या त्या अंकाची तारीख किंवा कात्रण कुणीही समोर ठेवलेलं नाही. आणि गोष्ट जशी सांगतात तशीच मानली तरी तिच्यात एक शब्द आहे, जो मेसेज पाठवणारे वाचत नाहीत. विमान मानवरहित होतं. म्हणजे राइट बंधूंशी तुलनाच चुकली. तुलना करायची तर त्या काळातल्या इतर मॉडेलवाल्यांशी.

आणि असे मॉडेलवाले होते. पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो याने १८७१ मध्येच रबराच्या पिळावर चालणारं १६ ग्रॅमचं विमान ४० मीटर उडवलं होतं. त्याच्याच धर्तीचं रबरावर उडणारं खेळणं १८७८ मध्ये राइटांच्या वडिलांनी पोरांसाठी आणलं. पोरांनी त्याच्या नकला केल्या आणि मोठी नक्कल केली की ती उडत नाही, हे पाहिलं.

हे का होतं ते समजून घ्या, स्केलचं सगळं गणित इथेच आहे. एखादी वस्तू लांबी-रुंदी-उंचीने दुप्पट करा. पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. उचलणारा पंख मागे पडतो, वजन पुढे जातं. वॉशिंग्टनजवळ सॅम्युअल लँग्लीने ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर वाफेवर चालणारं मानवरहित मॉडेल सुमारे एक किलोमीटर उडवलं. पंखांचा पसारा चार मीटरच्या आसपास. टेलिफोनवाला ग्रॅहॅम बेल तिथे हजर होता, त्याने फोटो काढला. मग लँग्लीने माणूस बसेल असं विमान केलं, मॉडेलच्या जवळपास चौपट. ते १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये सरळ नदीत पडलं. दुसऱ्यांदा पडल्यावर नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. उडणारं मॉडेल आणि माणूस नेणारं विमान यांच्यात एवढं अंतर असतं, आणि लँग्लीकडे तर सरकारी पैसा होता.

मेसेजमधला पाऱ्याचा भाग मात्र मी साफ नाकारतो. तळपदेंनी पाऱ्याचं आयन इंजिन वापरलं असं म्हणतात. पाऱ्याचं आयन इंजिन खरंच असतं, नासाने १९६४ मध्ये ते अवकाशात चालवून दाखवलं. पण त्याचा जोर तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या पानाएवढा, आणि तोही निर्वातात. चौपाटीच्या हवेत ते चाललंच नसतं. शिवाय एक लिटर पारा साडेतेरा किलो भरतो, म्हणजे लँग्लीच्या अख्ख्या मॉडेलपेक्षा जड.

चित्राचं काय? ते शंकूच्या आकाराचं विमान तळपदेंचं नाही. आनेकलच्या सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात वैमानिक शास्त्र सांगून लिहवून घेतलं, आणि त्यातली चित्रं बंगळुरूच्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने १९२३ मध्ये काढली. तळपदे पहिलं महायुद्ध संपायच्या आतच वारले होते. स्वतःच्या नावाने फिरणारं चित्र त्यांनी कधी पाहिलंही नाही. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी त्या चित्रांचं गणित मांडलं. निष्कर्ष असा, की यातलं एकही यंत्र उडण्यासारखं नाही, आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालं आणि त्याच महिन्यात तळपदेंवरचा हवाईजादा सिनेमा आला. तेव्हापासून हा मेसेज थांबलेला नाही.

यात खरं नुकसान तळपदेंचंच झालं असं मला वाटतं. वेताबांबूचं मॉडेल झाडाएवढंही वर गेलं असेल, तर १८९५ सालच्या मुंबईत जे.जे.च्या शिक्षकाने केलेलं ते फार मोठं काम होतं. त्याला पंधराशे फूट लावले, पारा भरला, वर दुसऱ्याचं चित्र चिकटवलं, आणि मूळ माणूस खाली दबला.

गिरगाव-चिराबाजारच्या जुन्या पाठारे प्रभू घरांत कुणाच्या ट्रंकेत मरुत्सखाचा कागद निघाला, तर मला तीन आकडे पुरे आहेत: पंखांची लांबी, दांड्यांची जाडी आणि वजन. वजनावरून ते उडालं असतं का ते कळेल. बाकीच्या दोनांवर मॉडेल महिन्याभरात होईल.