विश्लेषण : ‘हॉर्मोन’ हा शब्द देणारे अर्नेस्ट स्टार्लिंग कोण होते? अंगावरील सुजेचे कोडे त्यांनी कसे उलगडले?

पायावर सूज आली की डॉक्टर अनेकदा लघवी वाढवणारी गोळी देतात. थायरॉइडची शंका आली की हॉर्मोनची तपासणी सांगतात. या दोन्ही गोष्टींमागे एकाच शास्त्रज्ञाचे मूलभूत काम आहे. ते म्हणजे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंग.

मुंबईशी नाते काय?

स्टार्लिंग यांचा जन्म १८६६ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील मुंबईत ‘क्लार्क ऑफ द क्राउन’ या न्यायालयीन पदावर होते. त्यामुळे मुले आईजवळ इंग्लंडमध्ये वाढली. स्टार्लिंग लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाले, पण त्यांचा ओढा संशोधनाकडे होता. १८९९ मध्ये ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये प्राध्यापक झाले.

सूज का येते?

१८९६ मध्ये त्यांनी याचे उत्तर मांडले. रक्ताचा दाब केशवाहिन्यांतून पाणी बाहेर ढकलतो, तर रक्तातील प्रथिने ते आत ओढून धरतात. हा तोल बिघडला की पाणी ऊतींमध्ये साचते. हृदय कमकुवत झाले की शिरांमधला दाब वाढतो. यकृत किंवा किडनीच्या काही आजारांत प्रथिने घटतात. दोन्हींचा परिणाम एकच, तो म्हणजे सूज. लघवी वाढवणारी औषधे जादा मीठ-पाणी बाहेर काढतात, पण मूळ आजार बरा करत नाहीत, हे यातून समजते.

‘हॉर्मोन’ कसा सापडला?

जठरातील आम्ल आतड्यात आले की स्वादुपिंड पाचकरस सोडते. हा निरोप मज्जातंतू पोहोचवतात, असे रशियातील पावलोव्ह यांच्यासह अनेकांचे मत होते. जानेवारी १९०२ मध्ये स्टार्लिंग आणि त्यांचे मेहुणे विल्यम बेलिस यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू कापून तिथे आम्ल सोडले. तरीही रस स्रवला. मग आतड्याच्या अस्तराचा अर्क शिरेतून दिला, तेव्हाही तेच घडले. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ नाव दिले. १९०५ मधील व्याख्यानांत स्टार्लिंग यांनी अशा रासायनिक निरोप्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे चेतवणे.

किडनीला कोण सांगते?

१९२४ मध्ये त्यांनी अर्नेस्ट व्हर्नी यांच्यासोबत शरीरापासून वेगळ्या केलेल्या किडनीत रक्त खेळवले. लघवी भरपूर आणि पातळ होती. रक्तात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क मिसळताच ती कमी आणि घट्ट झाली. किडनीला पाणी राखायला सांगणारे हे द्रव्य आज व्हॅसोप्रेसिन किंवा एडीएच म्हणून ओळखले जाते. ते कमी पडले की रुग्णाला सतत तहान लागते आणि भरमसाट लघवी होते. साखर सामान्य असूनही होणारा हा विकार म्हणजे डायबेटिस इन्सिपिडस. एडीएच अती झाले तर रक्तातील सोडियम घसरते. काही लघवीच्या गोळ्यांनीही सोडियम घटू शकते, विशेषतः वृद्धांमध्ये. म्हणूनच या गोळ्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत.

सन्मान मिळाला का?

पावलोव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल मिळाले. स्टार्लिंग यांना ते कधीच मिळाले नाही. त्यांचा स्वभाव स्पष्टवक्ता होता. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून सैनिकांचा बचाव करण्याच्या कामात असताना वरिष्ठांशी त्यांचे खटके उडाले. १९२० मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. २ मे १९२७ रोजी जमैकाच्या किंग्स्टन बंदराजवळ जहाजावरच त्यांचा मृत्यू झाला. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या त्यानंतर सुमारे तीन दशकांनी आल्या. त्या शरीरात नेमके काय करतात हे समजावताना आजही स्टार्लिंग यांच्याच तोलापासून सुरुवात करावी लागते.