नारायण मल्हार जोशी
नारायण मल्हार जोशी (५ जून १८७९ – ३० मे १९५५) हे भारतीय कामगार चळवळीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, समाजसेवक आणि संसदपटू होते. ना. म. जोशी या नावाने ते ओळखले जातात. कामगार व मालक यांच्यातील तंटे वाटाघाटी, चौकशी आणि कायदा या मार्गांनी सोडवण्याचा त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला.

प्रारंभीचे जीवन
जोशी यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. १९०९ मध्ये ती सोडून ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात दाखल झाले. अल्प मानधनावर पूर्णवेळ देशसेवा हे या संस्थेचे व्रत होते. घटनात्मक मार्गांवरील त्यांची श्रद्धा येथेच दृढ झाली.

सोशल सर्व्हिस लीग
१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. गिरणगावातील चाळींमधून रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या चालवणे हे तिचे प्रारंभीचे कार्य होते. कोकण व देशावरून आलेला कामगार एका खोलीत दाटीवाटीने राहत असे आणि सावकाराच्या कर्जात अडकलेला असे. गिरणीत त्याची भरती, रजा आणि बडतर्फी जॉबरच्या हाती असे. स्त्री कामगारांच्या बाबतीत हा अधिकार नायकिणी गाजवीत. नोकरी मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी त्यांना लाच द्यावी लागे. तक्रार ऐकून घेणारा कोणी नसल्यामुळे असंतोष एकदम संपाच्या रूपाने बाहेर पडत असे. केवळ समाजसेवेने हे दुखणे बरे होणार नाही, त्यासाठी कामगारांची संघटना हवी, या निष्कर्षाप्रत जोशी याच अनुभवातून आले.

आयटकची स्थापना
१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची पहिली परिषद भरली. तिला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांना पाठवले. असा प्रतिनिधी कामगार संघटनांच्या संमतीने निवडला जावा अशी अपेक्षा होती. परंतु भारतात तशी मध्यवर्ती संघटनाच नव्हती. ही उणीव ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या (आयटक) स्थापनेने दूर झाली. लाला लजपत राय हे पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. जोशी संस्थापकांपैकी एक होते व पुढे सरचिटणीस झाले.

कायदेमंडळातील कार्य
१९२१ पासून सुमारे पाव शतक जोशी केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त सदस्य होते. १९२० मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतील तंट्यात उच्च न्यायालयाने कामगार नेत्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला होता. संघटना चालवणे हाच गुन्हा ठरू शकतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. संघटनांना संरक्षण देणारा कायदा करावा, असा ठराव जोशी यांनी १९२१ मध्ये मांडला. त्याची परिणती १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात झाली. नोंदणीकृत संघटनेला कायदेशीर अस्तित्व मिळाले आणि औद्योगिक तंट्यातील कृतींबद्दल फौजदारी कट व दिवाणी दावे यांपासून काही प्रमाणात संरक्षण लाभले.

स्त्री कामगारांना प्रसूतिकाळात भत्ता मिळावा यासाठी त्यांनी १९२४ मध्ये आणलेले विधेयक संमत झाले नाही. मात्र मुंबई प्रांताने १९२९ मध्ये तसा कायदा केला. १९२९ च्या औद्योगिक तंटे कायद्याने चौकशी न्यायालये व समेट मंडळे निर्माण केली. जोशी समेटाचे पुरस्कर्ते असूनही, या कायद्यातील संपावर निर्बंध घालणाऱ्या कलमांना त्यांनी विरोध केला. कामगाराजवळ संपाचा हक्क नसेल, तर वाटाघाटीत मालक त्याला मोजणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

गिरणी संप
१९२५ मध्ये गिरणीमालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि मोठा संप झाला. कापडावरील अबकारी कर सरकारने स्थगित केल्यावर मालकांनी कपात मागे घेतली. त्यानंतर १९२६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई टेक्स्टाइल लेबर युनियनचे जोशी अध्यक्ष झाले. १९२८ चा संप याहून मोठा होता. एका विणकराकडे अधिक माग देण्याच्या योजनेमुळे अनेकांचे काम जाणार होते. सुमारे दीड लाख कामगार जवळपास सहा महिने बाहेर राहिले. संयुक्त संप समितीत मवाळ जोशी आणि साम्यवादी श्रीपाद अमृत डांगे यांनी एकत्र काम केले. समितीने १७ मागण्या मांडल्या; अखेर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्याच्या अटीवर संप मिटला.

फूट आणि पुनर्मीलन
१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाचे सदस्यत्व जोशी यांनी स्वीकारले. त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात आयटकने या आयोगावर बहिष्कार पुकारला. आपणच वाढवलेल्या संघटनेतून जोशी सहकाऱ्यांसह बाहेर पडले व त्यांनी वेगळा महासंघ स्थापन केला. परकीय सरकारच्या आयोगात बसणारा नेता कामगारांचा कसा, हा विरोधकांचा आक्षेप होता. जे व्यासपीठ मिळेल तेथे कामगाराची बाजू मांडली पाहिजे, हे जोशी यांचे मत होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने जॉबरच्या हातून भरती काढून घेऊन ती कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावी, अशी शिफारस केली. आजच्या औद्योगिक संबंध व मनुष्यबळ विभागांच्या पूर्वपीठिकेत या शिफारशीला महत्त्वाचे स्थान आहे. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले.

दुरावा कायम राहिला नाही. १९३८ मध्ये ऐक्याची सुरुवात झाली, १९४० मध्ये दोन्ही संघटना पूर्णपणे एक झाल्या आणि जोशी पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले. १९४८ पर्यंत ते या पदावर होते.

मूल्यमापन
जोशी प्रभावी जनवक्ते नव्हते. आकडेवारी, निवेदने व चिकाटी ही त्यांची साधने होती. सरकारनियुक्त सदस्य म्हणून डाव्यांनी त्यांच्यावर टीका केली, तर मालकांना ते अडचणीचे वाटत. लढाऊ नेतृत्वाच्या तुलनेत त्यांचा मार्ग संथ होता आणि १९२८ नंतर गिरणगावावरील त्यांचा प्रभाव ओसरला. तथापि त्यांच्याच प्रयत्नांतून आलेल्या कायद्याच्या आधारे पुढील सर्व विचारांच्या संघटना उभ्या राहिल्या.

स्मृती
मुंबईतील डिलाइल रोडला ना. म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले आहे. व. भ. कर्णिक यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले आहे.