चौकशी मागणारा अर्थमंत्री

भिवंडी - न्यायालयीन चौकशी हा शब्द भिवंडीकरांना अपरिचित नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी यंत्रमागांच्या या शहरात दंगल उसळली. त्याच सुमारास जळगाव आणि महाड येथेही दंगली झाल्या. राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने साक्षी नोंदवल्या, कागदपत्रे तपासली आणि पोलिसांच्या तपासातील पक्षपातावर आपल्या अहवालात स्पष्ट बोट ठेवले. त्यानंतरही मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. चौकशी झाली तरी तिच्या निष्कर्षांशी सत्ता कितपत बांधील राहते, हा प्रश्न या शहरापुढे तेव्हापासून उभा आहे.

त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की सत्ता स्वतःची चौकशी होऊ द्यायला मुळात तयार असते काय? भिवंडीच्या दंगलीपूर्वी चौदा वर्षे हा प्रश्न थेट लोकसभेत विचारला गेला होता. तो विचारणारा गृहस्थ विरोधी बाकांवरचा नव्हता. तो देशाचा अर्थमंत्री होता आणि हा प्रश्न विचारण्यासाठी त्याने मंत्रिपद सोडले होते. त्याचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

नाते ते केंब्रिज

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील रोह्याला वकिली करीत. कोकणातल्या मध्यमवर्गीय घरातला हा मुलगा १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्याने निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक मिळवले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेतही त्याने पहिला क्रमांक पटकावला.

नोकरीची पहिली वीस वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाडात गेली. जमीनमहसुलाच्या कामापासून प्रांताच्या अर्थखात्यापर्यंत त्यांनी अनेक जबाबदाऱ्या सांभाळल्या. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. १९३९ मध्ये त्यांचा संबंध रिझर्व्ह बँकेशी आला. दोन वर्षांनी ते डेप्युटी गव्हर्नर झाले आणि सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर, ११ ऑगस्ट १९४३ रोजी, बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया त्याच परिषदेत घातला गेला. फाळणीनंतर रिझर्व्ह बँकेच्या मालमत्तेची वाटणी आणि १ जानेवारी १९४९ रोजी झालेले बँकेचे राष्ट्रीयीकरण, या दोन्ही गोष्टी त्यांच्या कारकिर्दीत पार पडल्या.

या काळात त्यांनी ब्रिटिश सरकारची नोकरी केली आणि १९४४ मध्ये सर ही पदवीही स्वीकारली. तुरुंगवास भोगलेल्या राजकीय पिढीला त्यामुळे हा माणूस काहीसा परका वाटत असे. राजकारणात ते उशिरा, आणि तेही जवळजवळ बोलावणे आले म्हणून आले.

दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब

१९५० मध्ये नियोजन मंडळाच्या अधिकारांवरून मतभेद होऊन अर्थमंत्री जॉन मथाई मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांच्या जागी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी नियोजन मंडळाचेच सदस्य असलेल्या चिंतामणरावांना घेतले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. दुर्गाबाईंशी १९५३ च्या जानेवारीत त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला, तेव्हा साक्षीदार म्हणून खुद्द नेहरूंनी सही केली. दोघांमधील स्नेह असा घरोब्याचा होता. पुढे जे घडले ते समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

अर्थमंत्री म्हणून त्यांच्या कामात एक सूत्र दिसते. लोकांचा पैसा ज्यांच्या हाती असतो त्यांना हिशेब देण्यास भाग पाडायचे, हे ते सूत्र. १९५६ चा कंपनी कायदा संसदेत त्यांच्या हातून मार्गी लागला. संचालक आणि मॅनेजिंग एजंट यांच्या मनमानीला या कायद्याने लगाम घातला. इंपीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत झाले. १९ जानेवारी १९५६ रोजी त्यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्या वेळी देशात देशी-विदेशी कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ विमा संस्था होत्या. विमेदारांच्या हप्त्यांचा काही कंपन्यांत होणारा गैरवापर हे या निर्णयाचे एक प्रमुख कारण होते.

पण ज्या आठवड्यात ही घोषणा झाली, त्याच आठवड्यात मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार सुरू होता.

राजीनामा

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आल्यापासून मुंबईच्या प्रश्नावर महाराष्ट्र धुमसत होता. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित राहील असे जाहीर केले आणि शहरात उद्रेक झाला. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या पोलिसांनी अनेक ठिकाणी गोळीबार केला. या लढ्यातील १०६ हुतात्म्यांचे स्मरण महाराष्ट्र पुढे करू लागला, त्यांतील बरेच जण त्या जानेवारीतले होते.

चिंतामणरावांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला. पंतप्रधानांच्या आग्रहामुळे तो प्रत्यक्षात आला नाही आणि पुढचा अर्थसंकल्पही त्यांनीच मांडला. हा काळ त्यांच्या टीकाकारांनी नेहमी त्यांच्याविरुद्ध वापरला. मुंबईत रक्त सांडत असताना हा मराठी मंत्री दिल्लीत खुर्चीवर होता, असे महाराष्ट्रात म्हटले गेले, आणि ते अगदीच निराधार नव्हते. मधल्या महिन्यांत त्यांनी गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीचा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही. जूनमध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात शहर पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील असे नेहरूंनी सांगून टाकले, तेव्हा त्यांचा संयम संपला.

२५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत आपल्या राजीनाम्यामागची भूमिका मांडली. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे, हा तिचा एक भाग होता आणि महाराष्ट्राच्या स्मरणात तोच राहिला. त्या निवेदनाचा दुसरा भाग अधिक मूलगामी होता. मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता पंतप्रधान इतका मोठा निर्णय जाहीर सभेत कसा सांगू शकतात, हा त्यांचा पहिला आक्षेप. सरकारच्या गोळ्यांनी नागरिक मरतात आणि सरकार चौकशी नाकारते, हा दुसरा. नेहरूंनी हे आरोप फेटाळले. निर्णयप्रक्रियेत मंत्रिमंडळाचा सहभाग होता, असे त्यांचे म्हणणे होते. मतभेद तसेच राहिले आणि अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेले.

चौकशी झाली तेव्हा

चौकशीमुळे सरकारची प्रतिष्ठा जाते, असा युक्तिवाद १९५६ मध्ये ऐकू येत होता. दीड वर्षातच त्याची कसोटी लागली. ज्या आयुर्विमा महामंडळाची पायाभरणी चिंतामणरावांनी केली होती, त्या महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे समभाग खरेदी केले. विमेदारांचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून उभारलेली संस्था वर्षभरातच एका व्यापाऱ्याच्या मदतीला धावली होती. सत्तारूढ पक्षाचेच खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत हे प्रकरण उघडे केले.

या वेळी सरकारने चौकशी मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती मुंबईत जाहीरपणे चालवली आणि थोड्याच आठवड्यांत निष्कर्ष दिला. मंत्री आपल्या खात्याच्या कृतीची जबाबदारी टाळू शकत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. सरकार पडले नाही. उलट चौकशीला सामोरे जाणारे सरकार म्हणून त्याची पत काही अंशी वाढली.

नावे न सांगण्याचा हट्ट

राजीनाम्यानंतर चिंतामणरावांकडे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद आले. ज्या सरकारवर त्यांनी टीका केली होती त्याच सरकारने ते दिले आणि त्यांनी ते घेतले. दोन्ही बाजूंनी हा मोठेपणा होता, तसाच काहींना तो विसंगत वाटला.

मात्र पदामुळे त्यांची वाणी मिंधी झाली नाही, हे १९५९ मध्ये दिसले. वरिष्ठ पदांवरील व्यक्तींविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासण्यासाठी उच्च अधिकारांचे, निःपक्षपाती, कायमस्वरूपी न्यायाधिकरण असावे, अशी सूचना त्यांनी जाहीरपणे केली. असे न्यायाधिकरण स्थापन झाल्यास आपण स्वतः काही प्रकरणे त्यापुढे ठेवू, असेही त्यांनी सांगितले. त्यावर दिल्लीत खळबळ माजली. प्रकरणे ठाऊक असतील तर ती सरकारकडे द्यावीत, अशी मागणी झाली. त्यांनी नकार दिला. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच सहकाऱ्यांच्या हाती पुरावा देण्यात काय अर्थ, असा त्यांचा रोख होता. स्वतंत्र यंत्रणा नसताना नावे उच्चारणे ही त्यांच्या लेखी निव्वळ बदनामी होती.

या हट्टाला दुसरी बाजू होतीच. नावे न घेता आरोप केला, की प्रत्येक मंत्र्यावर संशयाची सावली पडते. कायमच्या न्यायाधिकरणामुळे अविश्वासाचे वातावरण तयार होईल, ही नेहरूंची भीती पूर्णपणे पोकळ म्हणता येत नाही. पण या वादात सरकारने जी अट घातली ती आजही ओळखीची वाटते. चौकशी हवी असेल तर आधी पुरावा आणा, असे सांगायचे, आणि पुरावा शोधण्याचा अधिकार मात्र कोणालाच द्यायचा नाही. चिंतामणरावांची सूचना फेटाळली गेली. त्याच वर्षी शासकीय सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला.

कालाने मात्र त्यांची बाजू घेतली, तीही विलक्षण रीतीने. १९६६ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगाने मंत्र्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी लोकपाल आणि लोकायुक्त या संस्थांची शिफारस केली. त्या वेळी आयोगाचे अध्यक्ष होते मोरारजी देसाई. ज्यांच्या कारकिर्दीतील गोळीबाराची चौकशी चिंतामणराव मागत होते, त्यांच्याच अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशीचे तत्त्व कागदावर उतरले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त कायदा केला. केंद्रातील लोकपाल कायद्याला मात्र २०१३ साल उजाडले आणि पहिल्या लोकपालांची नेमणूक २०१९ मध्ये झाली. चिंतामणरावांच्या सूचनेपासून मोजल्यास तोवर साठ वर्षे लोटली होती.

उत्तरायुष्य

१९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना उमेदवारी दिली. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या लढतीत ते तिसरे राहिले. संस्कृतची ओढ मात्र अखेरपर्यंत कायम होती. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले आणि संस्कृतात काव्यरचनाही केली. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान त्यांना मिळाला. दुर्गाबाईंचे १९८१ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, चिंतामणरावांनी हैदराबाद येथे देह ठेवला.

भिवंडीपासून जवळच, ठाणे महापालिकेने त्यांच्या नावाने प्रशासकीय प्रशिक्षण संस्था सुरू केली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मराठी मुले तिथे येतात. आयसीएसमध्ये पहिला आलेला मराठी माणूस म्हणून त्यांच्यापुढे चिंतामणरावांचा आदर्श ठेवला जातो, आणि ते योग्यच आहे.

पण त्यांच्या आयुष्यातील अधिक अवघड धडा परीक्षेच्या गुणांत सापडत नाही. स्वतः पैसा न खाणारी माणसे त्यांच्या पिढीत पुष्कळ होती. नेहरूही तसे होते आणि मोरारजीही. तरीही दोघांनी आपल्या सरकारची चौकशी नको म्हटले. व्यक्ती स्वच्छ असली तरी सत्ता आपोआप उत्तरदायी होत नाही, हे चिंतामणरावांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी चांगुलपणावर विसंबण्याऐवजी यंत्रणा मागितली.

शासनाने, महापालिकेने किंवा पोलिसांनी चौकशीचे आश्वासन दिले, की भिवंडीसारख्या शहरातील नागरिकाला दोन गोष्टी विचारण्याचा हक्क असतो. चौकशी करणारा कोणाच्या हाताखाली आहे, आणि अहवाल आल्यावर त्याचे काय होणार? पहिल्या प्रश्नासाठी एका अर्थमंत्र्याने १९५६ मध्ये आपले पद खर्ची घातले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भिवंडीला १९७० नंतरही मिळायचे राहिले.