एलिझाबेथ यांना लग्नात हिऱ्यांचा हार देणारे निजाम कोण होते?

ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह २० नोव्हेंबर १९४७ रोजी झाला. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी लंडनच्या कार्टिए पेढीला कळवले होते, की आहेर राजकन्येनेच निवडावा. त्यांनी हिऱ्यांचा मुकुट आणि प्लॅटिनममध्ये घडवलेला हिऱ्यांचा हार निवडला.

१८८६ मध्ये जन्मलेले उस्मान अली १९११ मध्ये गादीवर आले. १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत व्यक्ती म्हणून त्यांना मुखपृष्ठावर झळकवले. राहणी मात्र कमालीची काटकसरी होती.

हा आहेर दिला तेव्हा हैदराबाद भारतात सामील झाले नव्हते. मराठवाड्यासह संस्थानात मुक्तिलढा सुरू होता. ब्रिटिशांशी आयुष्यभर जपलेली मैत्री निजामांच्या कामी आली नाही. भारताच्या लष्करी कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी शरणागती पत्करली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो.

पुढे १९५० ते १९५६ या काळात ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. तो मुकुट नंतर मोडण्यात आला. हार मात्र टिकला. २०१४ मध्ये केट मिडलटन यांच्या गळ्यात तो पुन्हा दिसला. निजामांची सत्ता गेली, आहेर उरला.