खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि तंबोऱ्याची जवारी

मिरज हे गाव आपल्या बीड जिल्ह्यापासून बरेच दूर आहे. त्याचे नाव निघताच वडील मंडळींस वानलेस साहेबांच्या मिशन इस्पितळाचे स्मरण होते. परंतु त्याच गावी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात एक थोर गवई चिरनिद्रा घेत आहेत. त्यांचे चरित्र विद्यार्थिमित्रांस सांगावे असे मनात आले, त्याला कारणही तसेच घडले. आमच्या वरच्या वर्गातील एक मुलगा विजेची गिटार शिकतो. पंक नावाच्या उग्र संगीतास शोभेल असा खरखरीत, फाटलेला आवाज आपल्या वाद्यातून कसा निघेल, या विवंचनेत तो महिनाभर होता. घरच्या मंडळींस हा निव्वळ गोंगाट वाटला. पण मुद्दाम झणझणीत केलेला आवाज आपल्या संगीतास नवा नाही, आणि त्या झणझणीत आपला गळा विरघळवून टाकणारा पुरुष मिरजेसच होऊन गेला.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर हिंदुस्थानातील किराणा या गावी झाला. घराणे गवयांचे व सारंगियांचे होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांजकडे त्यांचे शिक्षण झाले. सारंगी, बीन, सतार, तबला ही सारी वाद्ये त्यांच्या हातची होती, आणि ती दुरुस्त करण्याइतके त्यांचे ज्ञान होते. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारी राहिले. तेथून मुंबई व पुढे मिरज असा त्यांचा प्रवास झाला. मिरजेस प्लेगने त्यांस गाठले. त्यातून ते वाचले, ती मीरासाहेबांची कृपा असे त्यांनी मानले, आणि पुढे त्या दर्ग्यापाशी गाणे हा त्यांचा नेम झाला.

मिरजेस राहणे हे त्यांच्या कलेच्या दृष्टीने भाग्याचेच म्हटले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार मंडळींनी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या कारागिरांनी, हत्यारांचा धंदा मंदावल्यावर तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला होता. फरीदसाहेब हे त्यांतील अग्रणी. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूचे. आषाढीस पायी जाणाऱ्या आपल्या वारकऱ्यांनी ते वेल पाहिले असतील, पण पुढे त्यांचे काय होते हे थोड्यांसच ठाऊक असते. याच मिरजेच्या सतारींस व तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आता जवारी म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरील घोडी अरुंद नसते, चांगली रुंद असते, आणि तिची पाठ कानशीने घासून किंचित उतरती केलेली असते. तार छेडली की ती कंप पावताना या उतारास वारंवार ओझरता स्पर्श करते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर उठतात आणि बराच वेळ टिकतात. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून हा स्पर्श हवा तेवढा साधतात. केसभर पुढे गेला तर तार मुकी, केसभर मागे आली तर नुसती खरखर. खुली जवारी झणझणते, बंद जवारी गोल व शांत बोलते. कोणत्या गळ्यास कोणती जवारी शोभेल, हा निर्णय कानाचा आहे, पुस्तकाचा नव्हे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास या वाद्याचे शास्त्र तपासले, तेव्हा तार जेथे छेडली जाते त्या ठिकाणावरून नियमाप्रमाणे जे उपस्वर मुळीच निघू नयेत, तेच तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांना आढळले.

गिटारवाल्यांच्या पायाखालच्या पेटीत दुसऱ्या मार्गाने असेच घडते. तारेची विजेरी लाट तेथे वर-खाली छाटली जाते, आणि छाटलेल्या लाटेतून मुळात नसलेले उपस्वर उत्पन्न होतात. छाटणी वाढली की अनेक स्वर एकत्र वाजविणे अशक्य होते, सारा कल्लोळ माजतो. म्हणून हे वादक बहुधा मूळ स्वर आणि त्याचा पाचवा स्वर एवढेच धरतात. हे तर आपले षड्ज-पंचमच झाले! आमच्या त्या विद्यार्थ्यास हे सांगितले तेव्हा तो प्रथमच तंबोऱ्याजवळ येऊन बसला.

खाँसाहेबांचा गळा बारीक व उंच होता. गर्जना करून सभा जिंकावी असा तो नव्हता. म्हणूनच की काय, जुळलेल्या तंबोऱ्याच्या नादात स्वर असा ठेवावयाचा की कोठे तार संपली आणि कोठे गळा सुरू झाला ते कळू नये, ही त्यांची वाट झाली. त्यांच्या परंपरेत निषादास मिळविलेल्या तंबोऱ्याचीही आवड आहे. लयीच्या कसरतीपेक्षा स्वरास मान देणारी ही गायकी काही जाणत्यांस तेव्हा दुबळी वाटे. माझ्या मते दुबळेपणा ऐकणाऱ्यांच्या घाईत होता.

स्वरांच्या सूक्ष्म अंतरांचाही त्यांनी ध्यास घेतला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व न्यायाधीश क्लेमंट्स हे बावीस श्रुतींचे मापन करीत होते. त्या कामी खाँसाहेबांचा कान व गळा त्यांच्या उपयोगी पडला. म्हैसूरच्या दरबारी जाऊन त्यांनी कर्नाटकी पद्धतीचा अभ्यास केला, आणि तेथील सरगम आपल्या गाण्यात आणली. १९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे त्यांचे शिष्य. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे ही त्यांची अपत्येही संगीतात मान्यता पावली. संसारात मात्र त्यांस सुख थोडे लाभले. १९२२ च्या सुमारास मुले आईबरोबर निघून गेली.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासेहून पाँडिचेरीस निघाले असता वाटेत छातीत कळ येऊ लागली. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. तेथेच त्यांनी नमाज पढला, तंबोरा जुळवून घेतला व प्रार्थना गायिली, असे सांगतात. २७ तारखेस त्यांचा अंत झाला. देह मिरजेस आणून दर्ग्यापाशी दफन करण्यात आला. उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ गवई जमतात. गाण्यापूर्वी कोणीतरी घोडीवर वाकून दोरा सरकवीत बसलेला असतो, आणि जवारी लागेपर्यंत मंडळी गप्प राहतात.